रिपोर्ट नॉर्मल, पण बायको दुखण्याने बेजार: घरच्यांनी कसं वागावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही पाहता येईल. बायको पस्तिशीची, नोकरी करणारी. दीड वर्षापासून सगळं अंग दुखतं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठेचून निघाल्यासारखं होतं, बोलता बोलता साधे शब्द आठवत नाहीत. रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, एमआरआय, सगळं नॉर्मल. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर जुनाट दुखण्याचा आजार, असं निदान केलं. तुमच्या आईंचं म्हणणं, रिपोर्टमध्ये काही नाही तर आजार कसला, हल्लीच्या मुलींना कामं नकोत. त्यात चुलतभावाच्या हळदीला ती नाचली आणि पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. तेव्हापासून घरात अबोला आहे. तुम्ही विचारलंय की माझा तिच्यावर विश्वास आहे, पण मनात कुठेतरी शंका येतेच. आणि फार सहानुभूती दाखवली तर ती आजाराला कवटाळून बसेल अशीही भीती वाटते. अशा वेळी नक्की कसं वागू?

शंका येते हे मोकळेपणाने लिहिलंत ते बरं झालं. बहुतेक नवरे ती गिळून टाकतात आणि मग ती भलत्या वेळी, भलत्या सुरात बाहेर पडते. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गेली वीसेक वर्षं माझ्याकडे संधिवाताचे आणि जुनाट दुखण्याचे रुग्ण जास्त येतात, कारण आसपासचे संधिवाततज्ज्ञ त्यांना व्यायामासाठी पाठवतात. फायब्रोमायल्जिया असलेली बाई पहिल्यांदा येते, तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी जाडजूड फाइल टेबलावर ठेवते आणि तिचं पहिलं वाक्य बहुधा असतं, "मॅडम, मी नाटक करत नाहीये." मी तसं काही म्हटलेलंही नसतं. हात मोडलेल्या माणसाला हे कधी सांगावं लागत नाही, त्याच्या हाताला प्लास्टर असतं.

तुमच्या घरातली खरी अडचण मला इथे दिसते. आजार आहे की नाही, याचं उत्तर डॉक्टरांनी दिलेलं आहे. तरीही तो रोज नव्याने सिद्ध करायचं काम तिच्यावर पडलंय. सकाळी उशिरा उठली तर सिद्ध करा, पोळ्यांना बाई लावू म्हणाली तर सिद्ध करा, हसली तर आणखीच सिद्ध करा. ते ओझं तिच्या डोक्यावरून उतरवणं हे तुमचं पहिलं काम. व्यायाम, झोप, गोळ्या, कामाची वाटणी हे सगळं त्यानंतर लागू पडतं. अविश्वासाच्या घरात चांगला व्यायामही टिकत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मी तिला तपासलेलं नाही. थायरॉइड कमी पडणं, रक्त कमी असणं, बी १२ किंवा डी जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, यांतही अंग दुखतं आणि थकवा येतो. आमवात (सांधे सुजवणारा संधिवात) किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) सुरुवातीला असाच फसवतो. संधिवाततज्ज्ञांनी हे पाहिलंच असेल, तरी पुढच्या भेटीत एकदा विचारून घ्या. दुसरं म्हणजे घराची घडी. एकत्र कुटुंब आहे का, मुलं किती लहान आहेत, ती रोज लोकलने उभ्याने प्रवास करते का, स्वयंपाकाला मदत परवडते का, यावर उत्तर बदलतं. मी लिहिते आहे ते माझ्याकडच्या रुग्णांवरून. त्यातलं तुम्हाला लागू पडेल ते घ्या.

रिपोर्ट नॉर्मल कसे, हे आईंना समजावण्यापुरतं तरी तुम्हाला ठाऊक हवं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्यांवरून शरीरात दाह आहे का ते कळतं. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकली का, नस दबली का ते दिसतं. दुखण्याचे संदेश मज्जारज्जू आणि मेंदू कसे हाताळतात, हे यांपैकी कुठलीच तपासणी मोजत नाही, आणि फायब्रोमायल्जियात बिघाड तिथेच असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीचा अलार्म इतका हळवा झालेला असतो, की बॉनेटवर मांजर बसलं तरी तो कोकलायला लागतो. गाडी उघडून बघावी तर काचा शाबूत, सामान जागेवर, चोरीचा मागमूस नाही. पण आवाज खरा असतो आणि अख्ख्या इमारतीची झोप मोडते. तिच्या मज्जासंस्थेचं असं झालंय.

हे नुसतं समजूत घालायला सांगत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत फायब्रोमायल्जियाचे १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं यांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन, त्याच वेळी मेंदूत काय घडतं ते खास एमआरआयवर पाहिलं गेलं. निरोगी माणसांना जेवढं दुखायला बराच जास्त दाब लागला, तेवढंच दुखणं या रुग्णांना जवळपास निम्म्या दाबात झालं, आणि मेंदूतले दुखण्याशी संबंधित भागही त्या कमी दाबाला तसेच जागे झाले. म्हणजे ती "दुखतंय" म्हणते तेव्हा तिच्या मेंदूत दुखणं घडत असतं. जागतिक पातळीवर वेदनेचा अभ्यास करणाऱ्या संघटनेने २०१७ मध्ये अशा दुखण्याला, म्हणजे इजा दिसत नसताना दुखण्याची यंत्रणाच बिघडल्याने होणाऱ्या दुखण्याला, नोसिप्लास्टिक हा स्वतंत्र वर्ग दिला. २०२० मध्ये त्यांनी वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत लिहिलं, की एखादी व्यक्ती आपल्याला दुखतंय असं सांगते तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला जावा. आमच्या शास्त्राने ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवली याचं मला फार मोल वाटतं, कारण दवाखान्यांतूनही या बायकांना "काही नाही तुम्हाला, आराम करा" असं ऐकून परत यावं लागलेलं असतं.

झोपेचंही तसंच. कॅनडात १९७५ मध्ये संशोधक निरोगी स्वयंसेवकांना पूर्ण जागं न करता, फक्त आवाज करून काही रात्री त्यांची गाढ झोप मोडत राहिले. त्यांची अंगं दुखायला लागली आणि दाबलं की दुखणाऱ्या जागा तयार झाल्या. तिचे डोळे आठ तास मिटलेले असतात, पण गाढ झोप तुकड्या-तुकड्यांची असते. म्हणून "एवढी झोपतेस, तरी थकलेली कशी?" हा प्रश्न तिला विचारू नका. तीही स्वतःला तोच विचारत असते.

घरचं कुणी सोबत आलं की मी आणखी एक गोष्ट करते. मान आणि खांदा जिथे मिळतात तिथल्या स्नायूवर अंगठ्याने दाबते. नखाचा गुलाबी रंग जाऊन ते पांढरं पडलं, की साधारण चार किलोचा दाब होतो. या आजाराच्या निदानाच्या १९९० च्या निकषांत १८ जागी एवढा दाब देऊन ११ जागी दुखलं तर निदान करत. २०१० च्या निकषांपासून त्याची गरज उरली नाही, पण मी अजून एवढी एक जागा दाखवते. आधी नवऱ्याच्या खांद्यावर दाबते. तो म्हणतो, "बरं वाटतंय, अजून दाबा." मग तिची परवानगी घेऊन तिच्या खांद्यावर त्यालाच अंगठा ठेवायला सांगते आणि हळूहळू दाब वाढव म्हणते. नख गुलाबीच असतं, तोवर तिचा खांदा कानापर्यंत वर येतो, डोळ्यांत पाणी उभं राहतं. तो झटकन हात काढून घेतो. मग मी त्याला विचारते, पर्सचा पट्टा रोज कुठे येतो? स्कूटीवर मागे बसलेलं पोर कुठे धरतं? गर्दीत लोकांची कोपरं कुठे लागतात? अशा वेळी बहुतेक नवरे एकदम गप्प होतात.

आता हळदीच्या नाचाबद्दल. तुमच्या घरातला मोठा पुरावा तोच झालेला दिसतो. फायब्रोमायल्जियाचं दुखणं रोज सारखं नसतं. काही दिवस बरे जातात, काही दिवस ठणका सोडत नाही. बऱ्या दिवशी, त्यातून सगळे जमलेले असताना, उसनं अवसान येतं. वर "ही कुठे कशात नसते" हे बोलणं खोटं पाडायचं असतं. ती नाचली ती खरी, नंतर पडून राहिली तीही खरी. दोन्ही गोष्टी एकाच आजारात बसतात.

यातून रुग्ण काय शिकते ते पाहा. बऱ्या दिवशी हसले-खेळले तर उद्या ते माझ्याविरुद्ध वापरलं जाईल, म्हणून ती बरं वाटणं लपवायला लागते. किंवा उलट, बरा दिवस मिळाला की सगळी तुंबलेली कामं एका दमात उपसते, म्हणजे निदान आज तरी कुणी बोलणार नाही. पहिल्यात आनंद जातो, दुसऱ्यात पुढचे तीन दिवस जातात. जिला आजारी असल्याचं रोज पटवून द्यावं लागतं तिला बरं व्हायला वावच राहत नाही, कारण तिच्या प्रत्येक बऱ्या तासाचा उलट अर्थ काढला जातो. म्हणून तिला एवढं एकदा सांगा: "तू बऱ्या दिवशी मजा केलीस तर मी त्याचा दाखला दुसऱ्या दिवशी देणार नाही." आणि हे आईंच्या समोर सांगा. खोलीत सांगितलेल्याचा अर्धाच उपयोग होतो.

सहानुभूतीने आजार वाढेल का, ही तुमची दुसरी भीती. ती अगदीच निराधार नाही. जुनाट दुखण्यात जोडीदार कसा वागतो यावर बराच अभ्यास झालाय. प्रत्येक कण्हण्यासरशी हातातलं काम काढून घेणारा, "तू हलूच नकोस" म्हणणारा जोडीदार असेल, तर रुग्णाची हालचाल कमी होत जाते आणि हालचालीची भीती वाढत जाते. मलाही असे नवरे भेटतात, फार प्रेमळ असतात, बायकोला पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत. वर्षभरात तिच्या मांड्यांतली ताकद इतकी कमी होते, की खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. पण हा दोष काम हिसकावून घेण्याचा आहे, विश्वास ठेवण्याचा नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास रुग्णांना विचारलं, की तुमचं दुखणं कोण नाकारतं, कोण समजून घेत नाही: जोडीदार, नातेवाईक, डॉक्टर, कामाच्या ठिकाणचे लोक? आमवाताच्या रुग्णांपेक्षा फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या वाट्याला हे जास्त आलेलं दिसलं, आणि ज्यांच्या वाट्याला जास्त त्यांची मनाची अवस्थाही जास्त खालावलेली होती.

रोजच्या घरात हे कसं दिसतं ते सांगते. संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून भाजी चिरतेय आणि तोंडातून "आई गं" निघतं. एक नवरा म्हणतो, "झालं परत सुरू." दुसरा सुरी काढून घेतो आणि म्हणतो, "जा, पड जाऊन." तिसरा विचारतो, "आज जास्त आहे का? बसून चिरतेस की मी चिरू?" आणि ती जे म्हणेल ते ऐकतो. तुम्ही हा तिसरा व्हा. तिने "मी चिरते" म्हटलं तर चिरू द्या. "तू चिर" म्हटलं तर चिरा, आणि चिरताना सुस्कारे टाकू नका. विश्वास आणि मदत या दोन्ही गोष्टी त्यात आल्या, आणि निर्णय तिच्याकडे राहिला.

दिवसातून दहादा "कसं वाटतंय?" विचारू नका. त्याने तिचं लक्ष सारखं दुखण्यावर जातं आणि प्रत्येक वेळी उत्तर जुळवावं लागतं. माझ्याकडची काही जोडपी सकाळच्या चहाला फक्त एक आकडा सांगतात, शून्य ते दहातला. "आज सहा." पुढे काही नाही, ना कारणं, ना खुलासे. सहा म्हणजे संध्याकाळी खिचडी आणि मुलाचा अभ्यास नवऱ्याकडे, हे आधीच ठरलेलं असतं. तीन म्हणजे नेहमीचा स्वयंपाक आणि दोघं चालायला. ऐकायला कोरडं वाटेल, पण यात तिला रोज मदत मागावी लागत नाही, आणि मागावं न लागणं ही तिच्यासाठी फार मोठी सुटका असते.

"सगळ्यांनाच दुखतं", "मनावर घेऊ नकोस", "दिसतेस तर छान", "जरा बाहेर पड, विसरशील" ही चार वाक्यं घरातून हद्दपार करा. चांगल्या मनाने म्हटली तरी तिच्या कानाला त्यांचा अर्थ एकच लागतो, की तुझं आम्हाला पटलेलं नाही.

आता कामाची वाटणी, कारण सहानुभूती शेवटी तिथे उतरली नाही तर ती तोंडदेखली राहते. माझी एक रुग्ण शिक्षिका आहे. दिवाळीत चकल्या तिच्या हातच्याच हव्यात असा घरचा हट्ट, आणि तिचाही. पूर्वी ती एका दिवसात भाजणी भिजवून, मळून, सोऱ्याने पाडून, तळून मोकळी व्हायची आणि भाऊबीजेला अंथरुणात असायची. सोऱ्या दाबताना तळहात, मनगट आणि खांदा या तिन्हींवर जोर येतो, आणि तळताना तासभर एकाच जागी उभं राहावं लागतं. आम्ही बसून त्या कामाचे तुकडे केले. पीठ अर्ध्या किलोपेक्षा जास्त घ्यायचं नाही. मळायचं काम मुलाचं. सोऱ्या नवऱ्याने दाबायचा, चकलीचा वेढा हिने द्यायचा, खुर्चीत बसून. वीस मिनिटं झाली की दुखो न दुखो, उठायचं, पाच मिनिटं आडवं व्हायचं. तळणही एका दमात नाही, थोड्या-थोड्या पिठाचं, दोन दिवसांत विभागून. यात कळीची गोष्ट "दुखो न दुखो" ही आहे. दुखेपर्यंत काम आणि मग आडवं पडणं हे चक्र मोडायचं, तर दुखण्याच्या आधी थांबायला शिकावं लागतं. घरच्यांना मात्र ही तेव्हाच आळशी वाटते, कारण चांगली दिसत असताना ती उठून पडायला जाते. तिथे तिच्या बाजूने बोलायला तुम्ही हवेत.

व्यायामाशिवाय गत्यंतर नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये फायब्रोमायल्जियाचे सगळे उपाय पारखले, तेव्हा ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. बाकी सगळ्यांना सौम्य शिफारस मिळाली. पण किती, हे बऱ्या दिवशी ठरवायचं नाही. वाईट दिवशी ती किती मिनिटं चालली तर दुसऱ्या दिवशी ठणका वाढत नाही, ते शोधायचं. दहा मिनिटं असतील तर सुरुवात सात-आठने करायची, आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एखादं मिनिट वाढवायचं. पहिले काही आठवडे दुखणं थोडं वाढतं आणि नेमकी तेव्हाच घरचे म्हणतात, "बघ, फिजिओने आणखी बिघडवलं." तेवढा काळ धीर धरा. जमलं तर सोबत चाला, पण मास्तर होऊ नका. "आज गेली नाहीस?" ऐवजी "मी निघतोय, येतेस?" असं विचारा.

गोळ्यांबद्दल थोडंसं, कारण त्यावरूनही घरात वाद होतात. झोपेच्या वेळी कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगॅबलिन, यांपैकी काहीतरी तिला बहुधा दिलं असेल. घरातलं कुणीतरी नाव मोबाईलवर शोधतं, तिथे नैराश्य किंवा फिट असं दिसतं, आणि घोषणा होते की बघा, आजार मनाचा आहे. ही औषधं दुखण्याचे संदेश मंद करतात म्हणून दिली जातात. अमेरिकेत प्रीगॅबलिनला २००७ मध्ये आणि ड्युलोक्सेटिनला २००८ मध्ये खास फायब्रोमायल्जियासाठी मान्यता मिळालेली आहे. डॉक्टरांना न विचारता ती एकदम बंद करू नका. आणि मेडिकलमधून आणलेल्या साध्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाऊ देऊ नका. या आजारात त्यांचा उपयोग थोडा, आणि पोटाला, किडनीला अपाय बराच.

आता आईंकडे येते. तुमचं लिहिणं वाचताना त्या मला खलनायिका वाटल्या नाहीत. त्यांच्या वयाच्या बायकांशी माझं रोज बोलणं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर येतात, एक्स-रे सोबत असतो, घिसलेली वाटी त्यात स्पष्ट दिसते, नातेवाईक फळं घेऊन भेटायला येतात. तरुणपणीच्या कंबरदुखीचं विचारलं की म्हणतात, "तेव्हा कोण विचारतंय? पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, दुखलं तर दुखलं." पुण्याजवळ भिगवणला १९९६ मध्ये घरोघरी जाऊन पाहणी झाली. चार हजारांवर प्रौढांमध्ये साधारण १८ टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायूंचा त्रास निघाला. लोकांनी स्वतः सांगितलेल्या तक्रारींत हे दुखणंच सगळ्यांत जास्त होतं. म्हणजे त्या पिढीलाही दुखत होतंच, सांगायची सोय नव्हती. जिचं दुखणं कुणी कधी ऐकलं नाही, तिला सुनेचं ऐकून घेणं जड जातं. मला हे कठोरपणापेक्षा जुनं न भरलेलं दुखणं वाटतं.

म्हणून आईंशी आजाराचं शास्त्र बोलायच्या आधी त्यांचं ऐका. "तुला माझ्या वेळी बाळंतपणानंतर कंबर दुखायची म्हणतेस, तेव्हा कोण मदत करायचं?" असं विचारा आणि मध्ये न बोलता सगळं ऐकून घ्या. लगेच "मग हिलाही तसंच" असा जोड देऊ नका, तो टोमणा होईल. काही दिवसांनी त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या. अनेक सासवा मुलाचं ऐकत नाहीत पण पांढरा कोट घातलेल्या माणसाचं ऐकतात, आणि त्यात गैर काही नाही. डॉक्टरांना आधी फोन करून सांगा की आईंसमोर पाच मिनिटं समजावून सांगाल का. आणि आईंना घरात एक नेमकं काम द्या, उदाहरणार्थ दुपारी एक तास तिची खोली कुणी ठोठावणार नाही हे पाहणं. "समजून घे" हे कुणालाच करता येत नाही, "दार ठोठावू देऊ नकोस" हे करता येतं. एवढं करूनही त्या बदलल्या नाहीत तर? काही जणी नाही बदलत. मग निदान त्यांची वाक्यं तिच्यापर्यंत पोचायच्या आधी तुम्ही अडवायची. हे काम तिच्या माहेरच्यांचं नाही, तुमचं आहे.

नातेवाईक हळदीचे काढे, अमकं तेल, तमक्या गावचा हात लावणारा माणूस सुचवतील. "डॉक्टरांचं चालू आहे, सांगितल्याबद्दल आभार" हे एक वाक्य तुम्ही पाठ करा, तिला उत्तर द्यायला लावू नका. ऑफिसचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत फायब्रोमायल्जियाचं नाव नाही, त्यामुळे केवळ या निदानावर प्रमाणपत्र मिळवण्याच्या आशेने चकरा मारण्यात तिची शक्ती घालवू नका. आजार समजावून सांगण्यापेक्षा साहेबांकडे नेमकं मागितलेलं जास्त मिळतं: नीट पाठीची खुर्ची, तासाला पाच मिनिटं उठायची मुभा, आठवड्यातून एखादा दिवस घरून काम.

तुमच्याबद्दलही लिहायला हवं. दोन माणसांची कामं एकाने ओढताना राग येतो. तो येण्यात पाप नाही. पण तो तिच्यावर किंवा आईंवर काढायच्या आधी मित्राशी, भावाशी, समुपदेशकाशी बोला. आठवड्यातले दोन तास स्वतःचे ठेवा आणि ते तिला आधीच सांगा, म्हणजे तिला अपराधी वाटणार नाही. तिचं मन फार खचलेलं वाटलं, "मी नसते तर बरं" अशी भाषा आली, तर ती आजाराचीच कटकट म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ वर कधीही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. सोबत मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्या.

आणि एक वैद्यकीय गोष्ट. फायब्रोमायल्जियाचं नाव लागलं की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर टाकली जाते, घरात आणि कधीकधी दवाखान्यातही. तिच्यावर विश्वास ठेवायचा तर तिच्या नव्या तक्रारीवरही ठेवायला हवा. एखादा सांधा सुजला, सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त राहायला लागला, ताप येत राहिला, वजन आपोआप उतरलं, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे उठले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता संधिवाततज्ज्ञांना दाखवा. छातीत दुखलं, हातापायातली ताकद खरोखर गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर लगेच थेट हॉस्पिटल गाठा. डॉक्टरांसमोर तिच्या आधी तुम्ही बोलू नका. कधीपासून, कुठे, किती, हे तिला तिच्या शब्दांत सांगू द्या, आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं जेवढं असेल तेवढंच शेवटी जोडा.